मंगळवारची सफाई

सोमवार, २ जून

पोचले एकदाची. पालीहून रोहा आणि रोह्याहून मुरुड, दोन एसट्या आणि सगळा वेळ मांडीवर बॅग. शेजारच्या बाईंनी सुक्या बोंबलांची पिशवी खुशाल माझ्या पायांवर टेकवली होती, त्यामुळे समुद्राची पहिली ओळख नाकाने झाली. पण शेवटच्या वळणावर माडांमधून पाणी समोर आलं आणि मी बोंबलांना, बॅगेला, एसटीलाही माफ करून टाकलं. महापेच्या ऑफिसात इतकी वर्षं बिनखिडकीच्या खोलीत सर्व्हर सांभाळले. इथे माझ्या टेबलासमोर चांगली मोठी खिडकी आहे आणि खिडकीत जेटी. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, बघत बसू नकोस, काम कर.

नोकरी दर्यासाथी संस्थेची. मुरुड आणि काशीदच्या होड्यांसाठी ही संस्था वायरलेसची खोली चालवते. होडी समुद्रात असली की तिचा तांडेल, म्हणजे कप्तान, इथे बोलतो आणि इथला माणूस त्याला वारा, हवा, वाट सांगतो. हे सगळं बोलणं चोवीस तास रेकॉर्ड होतं, आणि रेकॉर्डिंगचा बॅकअप मागच्या थंड खोलीतल्या एका मशीनवर जातो. मशीनला कंपनीने भारदस्त इंग्रजी नाव दिलंय. इथे सगळे त्याला डबा म्हणतात. डबा गळ्यापर्यंत भरलाय आणि तो रिकामा करायला मला आणलंय. संस्थेचे सेक्रेटरी अल्पेशभाई (यांचा बर्फाचा कारखाना आहे) फोनवर म्हणाले की ऑगस्टला बंदी उठून होड्या सुटायच्या आत जागा झालीच पाहिजे, नाहीतर नवीन रेकॉर्डिंग थांबेल आणि उद्या एखादी होडी अडचणीत आली तर कोणी काय सांगितलं याचा पुरावा राहणार नाही. सध्या मासेमारी बंद आहे, होड्या किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवल्यात. म्हणजे मला दोन महिने राजासारखे.

वायरलेसवर इसहाकचाचा बसतात. आखातातल्या जहाजांवर रेडिओ सांभाळून निवृत्त झालेले, दाढी मेंदीने रंगवलेली. त्यांनी आल्या आल्या एकच नियम सांगितला: बंदीत ऐकायचं, माइकला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मी डब्याची माणूस, मला माइक कशाला? हसले आणि चहा मागवला.

खोली कोळीवाड्यात नीराबाईंकडे मिळाली. स्वच्छ आहे, पंखा आवाज करत नाही. मुलगा प्रज्योत बोटीवर आहे म्हणाल्या. असेल मर्चंट नेव्हीत.

बुधवार, ४ जून

डब्याची तब्येत पाहिली. सत्त्याण्णव टक्के भरलेला. आता हे मशीन कसं चालतं ते लिहून ठेवते, कारण अल्पेशभाईंना तीन वेळा सांगूनही डोक्यात शिरलं नाही. हा डबा सारखी गोष्ट दोनदा ठेवत नाही. तेच बोलणं शंभर वेळा आलं तरी एकदाच ठेवतो आणि बाकीच्या ठिकाणी नुसती खूण करतो की ते तिकडे आहे. आपण जुनी फाइल पुसली तरी जागा लगेच मोकळी होत नाही, फक्त खूण जाते. मग आठवड्यातून एकदा क्लिनिंग लावायचं. ते आतला प्रत्येक तुकडा तपासतं, याच्याकडे बोट दाखवणारी एखादी तरी खूण उरली आहे का बघतं, आणि नसेल तर तो तुकडा काढून टाकतं. घर आवरताना आई जशी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारते, ही कोणाची? उत्तर आलं नाही की भंगारात.

तर आधीच्या माणसाने, परेश नाव त्याचं, ठाण्याचा, हे क्लिनिंगच बंद करून ठेवलेलं. वर्ष झालं असेल. अशा माणसांना पगार कसे देतात कोण जाणे. तो जानेवारीत न सांगता निघून गेला, दुबईला नोकरी लागली असं बोलतात.

मी नियम केला: ज्या रेकॉर्डिंगला चालू बोटीचा नंबर जोडलेला नाही ते कोणाचंच नाही, सबब त्याची खूण काढायची. क्लिनिंग दर मंगळवारी सकाळी सहाला.

आज घरून निघताना नीराबाईंना सवयीने "येते" म्हटलं. बाई काही बोलल्या नाहीत, उलट तोंड फिरवून चुलीकडे गेल्या. जरा फटकळ असाव्यात.

मंगळवार, १० जून

झालं. क्लिनिंग सहाला सुरू झालं आणि जेवणाच्या आत संपलं. सत्त्याण्णववरून थेट अठ्ठावन्न. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. अल्पेशभाईंनी फोनवर शाबासकी दिली आणि इसहाकचाचांनी घरून सांदण आणलं, नारळाच्या दुधात बुडवून खाल्लं. चाचांनी मात्र दोनदा विचारलं की नक्की काय काय गेलं. कचरा, म्हटलं. ते चमच्याने ताटली खरवडत बसले.

सोमवार, १६ जून

डबा पंच्याहत्तरवर आहे.

हे कसं होईल? समुद्रात होडी नाही. वायरलेसवर कोणी बोलत नाही. रेकॉर्ड होते ती नुसती खरखर, आणि खरखरीला डबा जागा देत नाही, दाबून चिमूटभर करतो. दुपारभर डोकं खाजवलं. कुठलीशी मोठी फाइल चुकून येत असणार. उद्याच्या क्लिनिंगने साफ होईल, पण मला कारण सापडल्याशिवाय चैन पडत नाही, तो माझा स्वभाव आहे आणि महापेला त्यावरून माझी भरपूर टिंगल व्हायची.

बुधवार, १८ जून

काल क्लिनिंगने जागा केली आणि आज ती पुन्हा भरू लागली. कुठून येतंय ते सापडलं. चॅनेलचंच रेकॉर्डिंग आहे. हेडफोन लावून ऐकलं.

आधी खरखर. मग माणसं बोलतात. तिघे असावेत. एक वयस्कर, तो तांडेल, दुसरा सतत कण्हतो, तिसरा तरुण. इंजिन बंद पडलंय, पाणी भरतंय, बादलीने उपसा, असं चाललेलं. मग इंजिन लागतं, तिघे हसतात, कोणीतरी भात टाकतो. मला वाटलं कोणाचं तरी जुनं रेकॉर्डिंग फिरून फिरून वाजतंय.

पण मग लक्षात आलं. जुनं असतं तर डब्याने त्याला जागा दिली नसती. तेच तेच बोलणं हा ठेवतच नाही. जागा जातेय याचा अर्थ एकच, हे आधी कधी बोललं गेलेलं नाही. हे लोक रोज नवीन बोलतायत.

गुरुवार, १९ जून

इसहाकचाचांना हेडफोन दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही, टेबलावर ठेवला. त्यांना माहीत होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हर्षदा नावाची होडी काशीदच्या समोर गायब झाली. वरती बाबाजी तांडेल, मोरू आणि प्रज्योत, नीराबाईंचा मुलगा. त्या दिवशी चाचांच्या जागी वायरलेसवर परेश होता. वारा सुटलेला, आवाज तुटत होता. बाबाजी शेवटचं म्हणाला, आमी येतांव. निघणारा माणूस म्हणतो तसं परेशला वाटलं. बोलणं संपलं, आता हे चॅनेल सोडतायत. आपल्यात कोणी येतो म्हटलं की आपण काय म्हणतो? परेश म्हणाला, या. आणि दुसऱ्या होडीच्या चॅनेलवर गेला. ते निरोप घेत नव्हते. इंजिन गेलेलं असताना बंदराकडे येतोय, दिवा दाखवा, माणूस पाठवा, असं सांगत होते. होडी मिळाली नाही, कोणी मिळालं नाही. कागदपत्रं झाली आणि संस्थेने हर्षदाचा नंबर काढून टाकला.

"त्याने या म्हटलं ना, म्हणून ते येतायत," चाचा म्हणाले. "अजून येतायत, बेटी."

मी चाचांना विचारलं की तुम्हाला भीती नाही वाटत? ते म्हणाले, मी सगळ्यांना खुदा हाफिज म्हणतो, मला या म्हणायची सवय नाही.

मला हे खरं वाटत नाही. असं लिहिते आहे आणि खिडकी लावून घेतली आहे.

रविवार, २२ जून

नीराबाई स्वतःच माझ्या खोलीत आल्या. हातात भाकरीचं पीठ तसंच. चाचांकडून कळलं म्हणाल्या की मी ऐकलं. परेश त्यांना रोज ऐकवायचा, परेश गेल्यावर चाचा मागची रेकॉर्डिंग लावायला घाबरतात, जूनच्या सुरुवातीला तेवढी एकदा लावली होती.

"मना आयकव बाय. माजा पोर कवरा जवल आयला ता."

मी त्यांना ऑफिसात नेलं. रविवार असल्याने कोणी नव्हतं. हेडफोन त्यांच्या पदरावरून नीट बसेना, मी धरून राहिले. प्रज्योत सांगत होता की वारा फिरलाय आणि काशीदच्या अंगाला दिवे दिसतायत. बाईंनी डोळे मिटले. मग एकदम माझ्याकडे बघून विचारलं की एवढाच कसा आला? तेव्हा तर तो बंदराच्या तोंडाशी आला होता. बांग ऐकू येत होती त्याला. एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. मग पोर मागे कसा गेला?

दहा तारखेला मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मंगळवार, २४ जून

क्लिनिंग बंद केलं नाही. खात्री करायची होती, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही आशा होती की काहीतरी साधं कारण निघेल. हर्षदाचा नंबर परत घातला, प्रत्येक रेकॉर्डिंगला जोडला, म्हणजे खूण राहील आणि तुकडे वाचतील. एक प्रत पेनड्राइव्हवरही घेतली.

सकाळी सहाला हेडफोन लावून बसले. बाहेर लख्ख उजाडलेलं, जेटीवर कुत्री. प्रज्योत मोरूला हाक मारत होता, मोरूकाका उठा, काशीदचा वास येतोय, चुलीचा. मध्येच त्याचं वाक्य तुटलं. मग पाण्याचा आवाज. तो मी इथे लिहू शकत नाही. तिघांचा आवाज खूप वेळ येत राहिला आणि एकेक करून थांबला. मग खरखर. मग, अर्ध्या तासाने, अगदी ताज्या आवाजात बाबाजी:

"इंजिन बंद परला. पानी चरतंय."

त्यांना काही आठवत नाही. दर मंगळवारी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. खुणा सगळ्या जागेवर आहेत, आत नुसती खरखर. पेनड्राइव्हवरही खरखरच.

मी त्यांना तीन वेळा बुडवलं. मी, शेड्यूल लावून.

बुधवार, २५ जून

क्लिनिंग बंद केलं. परेशबद्दल वाईटसाईट लिहिलं होतं ते वरती तसंच राहू दे, मला बघायला लागू दे.

मंगळवार, १ जुलै

सहा वाजून गेले आणि काही झालं नाही. ते येतायत. मोरूने भात केला, मीठ संपलंय म्हणून तिघांत भांडण. नीराबाई खुर्चीत बसून तोंडावर पदर धरून हसल्या, घरीही तो मिठावरूनच भांडायचा म्हणाल्या. त्यांनी आज मला पापलेटचं कालवण वाढलं आणि ताई म्हणाल्या. मी हिशोब टाळते आहे पण डब्याकडे लक्ष आहेच. रोज वाढतोय. भरला की रेकॉर्डिंग थांबेल, मग यांचं काय होईल ते कोणालाच माहीत नाही. आणि ऑगस्टमध्ये खरी, जिवंत माणसांची होडी अडचणीत आली तर? दोन्हीकडून माझ्याच मानेला दोर.

अल्पेशभाईंना सांगितलं की क्लिनिंगमध्ये बिघाड आहे. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, बरं की फोन होता.

सोमवार, ७ जुलै

होडीवर चौथा माणूस आहे.

इतके दिवस तो गप्प असायचा किंवा मीच लक्ष दिलं नाही. आज बाबाजीने दमून सुकाणू सोडलं तेव्हा तो बोलला. आपल्यासारखं, शहरातलं मराठी. बाबाजी, मंगळवार यायच्या आत पोचायला पाहिजे. प्रज्योतने विचारलं, मंगलवारी काय हाय? तो म्हणाला, आठवत नाही. पण मंगळवारच्या आत.

चाचांना आवाज ऐकवला. त्यांनी कपाळाला हात लावला. परेश.

तो दुबईला गेला नाही. जानेवारीत एका सकाळी त्याचे बूट इथे टेबलाखाली होते आणि खुर्चीखाली पाणी, खारं, असं चाचांनी आज सांगितलं. मला आधी सांगितलं असतं तर मी थांबले नसते, म्हणून सांगितलं नाही म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. म्हाताऱ्या माणसावर. या म्हणणारा यजमान होतो, तो पाहुण्यांना आत आणेपर्यंत सुटत नाही, असं काहीतरी ते पुटपुटत होते. नीराबाईंनी दोन वर्षांत कोणाच्याही येतोला या म्हटलेलं नाही. मी त्यांना फटकळ समजत होते.

सोडून जावं. पण क्लिनिंग मी बंद ठेवलंय, मी गेले तर दुसरा कोणी लावेल.

शुक्रवार, ११ जुलै

माझ्या हातून

चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मी त्यांच्या खुर्चीत. हेडफोन, चॅनेल चालू. माइक त्याच्या आकड्यावरून घसरून लोंबत होता, वायरला धरून वर टांगायला गेले, मुठीत आला, बटण आपोआप दाबलं गेलं असेल. प्रज्योत अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, आमी येतांव.

आणि मी म्हटलं, या.

मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. पण पालीच्या घरात आयुष्यभर दारात कोणी येतो म्हटलं की, जीभ आपली आपण हलते, कोणी शिकवावंही लागत नाही.  मग प्रज्योत आनंदाने ओरडला, आवाज आयला रं, बाईमानूस हाय.

 चाचा परत आले आणि माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं.

सोमवार, १४ जुलै

स्वतःला तपासायचं ठरवलं. चॅनेलवर नाही, साध्या मायक्रोफोनवर बोलले आणि डब्यात टाकलं. पालीच्या देवळाची वाट, आईच्या आमटीची कृती, मनात आलं ते. कधीच कुठे न बोललेलं.

नवीन जागा: शून्य.

पुन्हा. उलटेसुलटे शब्द, निरर्थक. शून्य. मी जे काही बोलते ते त्याच्याकडे आधीच आहे. बुडालेल्या माणसांच्या बोलण्याला जागा लागते आणि माझ्या बोलण्याला नाही.

चाचा बोलले त्याला जागा लागली. नीराबाई बोलल्या त्यालाही.

गुरुवार, १७ जुलै

आईला फोन केला. ती हॅलो हॅलो करत राहिली. नुसती खरखर येतेय म्हणाली, आणि मग बाजूला कोणाला तरी, मृणालीचाच नंबर आहे पण पाण्यासारखा आवाज येतोय. मी ओरडून सांगत होते. तिने ठेवून दिला. मला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला, कुकरची शिट्टीसुद्धा.

शनिवार, १९ जुलै

पळून जायला निघाले. सकाळची अलिबाग एसटी. काशीदपर्यंत बरी होते. उतारावर समुद्र दिसला आणि घशात काहीतरी चढलं. खिडकीतून ओकले तर पाणी, खारं, घोटाघोटाने, थांबेचना. बायकांनी पाठ चोळली, ड्रायव्हरने गाडी थांबवली. परतीच्या गाडीत बसवून दिलं त्यांनी. मुरुडच्या दिशेला वळल्यावर श्वास लागला.

आता कळलं मला कुठे जाता येतं.

मंगळवार, २२ जुलै

आज माझा आवाज होडीवरून आला. मी इथे हेडफोन लावून गप्प बसलेले आणि तिकडे मी बोलत होते. परेशला विचारत होते, आज वार कोणता. तो म्हणाला माहीत नाही. मी म्हटलं, मला माहीत असायला हवं, मीच ते लावलं होतं. मग रडले. मी रडते तशीच, नाक ओढत.

त्यांना बांग ऐकू आली. काशीद मागे पडलं.

डबा ब्याण्णव.

शुक्रवार, २५ जुलै

अल्पेशभाई स्वतः आले. गोड बोलले. बेन, तबियत सांभाळा, सुट्टी घ्या. कंपनीच्या माणसाकडून त्यांनी दुरूनच क्लिनिंग पुन्हा लावून घेतलंय. मंगळवार, सहा. माझा पासवर्ड चालत नाही. त्यांची चूक नाही, त्यांना पुढच्या शुक्रवारी होड्या सोडायच्यात, दीडशे माणसांचा प्रश्न आहे. मी सांगायला तोंड उघडलं तर खरखर ऐकून त्यांनी खिशातला फोन काढून हलवला, म्हणाले रेंज नाही वाटतं. मी त्यांच्या समोर उभी होते.

डब्याची वायर ओढायला गेले. चाचांनी हात धरला. मार्चमध्ये वीज गेली होती तेव्हा चौघं आत गुदमरत होते, हाका मारत होते, ते त्यांनी बॅटरीवरच्या वायरलेसवर ऐकलंय. बुडण्यापेक्षा वाईट, म्हणाले.

पाय सतत ओले. पुसते, ओले.

सोमवार, २८ जुलै

नीराबाईंना सांगितलं. त्यांना मी ऐकू येते, अजून, जवळ बसलं तर. उद्या सहाला पुसणार. आणि आज ते जेटीच्या समोर आहेत, भरती लागली की आत. पहाटेच्या भरतीला पोचले तर पोचले.

चुलीतलं लाकूड मागे ओढलं त्यांनी. मग म्हणाल्या, "त्याला परत परत बुरवू नको बाय. यक डाव काय ता होऊं दे."

मी म्हटलं माझ्या हातात नाही आता. त्यांनी माझे पाय आपल्या पदराने पुसले. मला आई आठवली आणि मी मोठ्याने रडले, आणि त्या एकदम मागे सरकल्या. त्यांना बहुतेक पाण्याचा आवाज आला.

उद्या जेटीवर जाऊन उभी राहीन म्हणाल्या. काय करणार ते नाही सांगितलं. आत बोलावणार की परत समुद्रात जा म्हणणार, डब्याच्या तावडीतून लांब, कायमचे —

मंगळवार, २९ जुलै

उजाडलंय. चाचा वायरलेसवर. मला ते दिसत नाहीत, त्यांचा आवाज येतो. होडी कुठली, होडी कुठली, विचारतायत. मी सांगते, मृणाली. त्यांना खरखर —

टेबल हलतंय. टेबल नाही. फळी. वही मांडीवर धरलीये, कडा भिजल्या. मोरूकाका कण्हतायत. परेश शेजारी बसलाय, त्याने माझा हात धरलाय आणि मला विचारतो, आज मंगळवार आहे का? मी नाही म्हटलं. खोटं बोलले. कान लाल —

जेटी दिसते. अगदी समोर. ऑफिसची खिडकी, माझी, आत कोणी नाही. शाकारलेल्या होड्या ओळीने. जेटीच्या टोकाला नीराबाई, हिरवं लुगडं. एकट्याच.

प्रज्योत उभा राहिला. केवढा लहान आहे हा. आवाजावरून मोठा वाटायचा.

सहाला थोडं —

हात वर केला त्यांनी. हलवतायत. जोरजोराने. प्रज्योत माझा खांदा हलवतो, विचारतो, "ताय, आय हात हालवते. बोलवते का जा म्हनते?"

मला इथून कळत नाही. बाबाजी सुकाणू धरून माझ्याकडे बघतोय, आत घालू का वळवू, मी सांगेन ते करणार आहे. पायाखाली पाणी गार, एकदम खूप. मी प्रज्योतला सांगते, ती तुला